शेतासाठीचं न विणलेलं कापड : प्रस्तावना

डिंभे धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असं नाव आहे. बाबू गेनू सैद हे आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. पोटासाठी मुंबईला गेले, गिरणीत कामाला लागले आणि 12 डिसेंबर 1930 रोजी काळबादेवीला परदेशी कापड घेऊन निघालेल्या ट्रकपुढे आडवे झाले. ट्रक अंगावरून गेला. वय अवघं 22. घोड नदीच्या अडवलेल्या पाण्याला कापडापायी जीव दिलेल्या माणसाचं नाव मिळालं, आणि पुढे त्याच पाण्यावर भिजणाऱ्या रानात कापड अंथरायची वेळ आली. कृषी वस्त्रांवर लिहायला बसलं की हा योगायोग सोडवत नाही. बाबू गेनूंचा प्रश्न साधा होता: हे कापड कुठून आलं? शेतातल्या पांढऱ्या कापडाबद्दल तो अजून फारसा कुणी विचारत नाही.

येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पातली पाच धरणं. त्यांच्या आवर्तनांवर जुन्नर-आंबेगावचा बागायती पट्टा उभा आहे. नारायणगावचा टोमॅटो, मंचरचा कांदा-बटाटा, ओतूर-आळेफाट्याचा कांदा आणि मधल्या मोकळ्या दिवसांत घेतलेलं कलिंगड नाहीतर खरबूज. यातल्या शेवटच्या दोन पिकांनी क्रॉप कव्हर घरोघरी नेलं. बेडवर ठिबकची नळी, तिच्यावर मल्चिंग पेपर, पेपरच्या भोकांत रोपं, ठरावीक अंतरावर तारेच्या नाहीतर बांबूच्या कामट्यांच्या कमानी आणि त्यांवरून ताणलेलं पातळ पांढरं कापड, कडा मातीने दाबलेल्या. लागवडीपासून मादी कळी दिसेपर्यंत, म्हणजे साधारण तीन-चार आठवडे, रोपं या बोगद्यात वाढतात. मग कापड काढायचं, कारण मधमाशी आत गेल्याशिवाय फळ धरत नाही. तीन-चार आठवडे ही मुदत वाचकाने लक्षात ठेवावी. पुढचं सगळं विवेचन तिच्याभोवती फिरणार आहे.

या कापडाला ताणा नाही आणि बाणाही नाही. सुटे तंतू एकावर एक विखरून टाकायचे आणि उष्णतेने, सुयांनी, पाण्याच्या धारांनी किंवा चिकटद्रव्याने जागेवर धरायचे, एवढंच या सगळ्या कुळाचं मूळ सूत्र. जुन्नरला हे सूत्र परकं नाही. जुन्नरी कागद मध्ययुगापासून नावाजलेला होता आणि पेशवाईच्या दप्तरातही तो वापरला गेला. चिंध्या-ताग कुटून त्यांचा रांधा करायचा, पाण्यात ढवळायचा, साच्यावर अलगद उचलायचा. पाणी निथळलं की तंतूंचा थर मागे राहतो. आजच्या कारखान्यात ओल्या पद्धतीने बनणारं न विणलेलं कापड याच तत्त्वावर चालतं, फक्त तंतू लांब असतात आणि त्यांना बांधायची तऱ्हा वेगळी असते. तेव्हा हे शास्त्र काल-परवा जर्मनीतून आयात झालं, अशा समजुतीने कुणी आत येऊ नये.

यंत्रं मात्र बरीचशी जर्मनीतूनच आली. इटलीत जुलिओ नाता यांनी 1954 मध्ये शिस्तबद्ध रेणूंचं पॉलीप्रॉपिलीन बनवलं. (1963 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना आणि कार्ल त्सीग्लर यांना मिळून मिळालं.) साठच्या दशकात अमेरिका आणि जर्मनीतल्या कंपन्यांनी वितळलेल्या प्लास्टिकपासून थेट कापड करण्याची रीत बसवली आणि सत्तरच्या दशकात युरोपातल्या भाजीवाल्या शेतकऱ्यांनी ते पिकांवर पांघरायला सुरुवात केली. त्यांना थंडी अडवायची होती, आपल्याला मुख्यतः किडी अडवायच्या आहेत. हा फरक वरवरचा नाही, आणि त्याकडे पुढे यावं लागेल.

आता कारखान्यात जाऊ. क्रॉप कव्हर ज्या पद्धतीने बनतं तिला स्पनबाँड म्हणतात आणि ती थोडी निवांत पाहण्यासारखी आहे.

सुरुवात दाण्यापासून. प्लास्टिकच्या धंद्यात पॉलीप्रॉपिलीनच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांना दाणाच म्हणतात. सगळे दाणे सारखे नसतात. वितळल्यावर ते किती पातळ होतात याचा एक आकडा असतो. खतांच्या विणलेल्या पोत्यांसाठी तो 3 च्या आसपास चालतो, स्पनबाँडला 25 ते 35 लागतो. घट्ट वितळणारा दाणा केसापेक्षा बारीक तंतूत ओढायला गेलं की तुटतो. दाण्याबरोबर मास्टरबॅच पडतो. रंग आणि उन्हापासून वाचवणारं रसायन त्यात असतं. एक्सट्रूडरच्या स्क्रूमध्ये हे मिश्रण 220 ते 240 अंशांवर वितळतं, गाळणीतून जातं आणि गिअर पंप ते मोजून-मापून डायकडे ढकलतो. डाय म्हणजे लांबट, अतिशय काटेकोर सोऱ्या. रुंदीच्या एका मीटरमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची काही हजार भोकं.

खरी गंमत डायच्या खाली आहे. भोकांतून लोंबणाऱ्या धारांवर दोन्ही बाजूंनी गार हवा सोडतात आणि त्याच वेळी खालून वेगाने खेचली जाणारी हवा त्यांना ताणते. अर्ध्या मिलिमीटरची धार काही हातांच्या अंतरात मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकी बारीक होते. या ताणात लांबलचक रेणू एका दिशेला रांगेत येतात आणि तंतूला बळ मिळतं. ताण कमी पडला तर तंतू जाड आणि लेचापेचा राहतो. जास्त झाला, किंवा दाण्यात कचरा असला, तर तो तुटतो, आणि तुटलेल्या टोकाची गोळी कापडात कडक ठिपका होऊन बसते. रोलवर हात फिरवताना खडा लागल्यासारखं वाटतं ते हेच.

ताणलेले तंतू हवेच्या झोतात हेलकावे खात सरकत्या जाळीच्या पट्ट्यावर पडतात. पट्ट्याखाली हवा शोषून घेतलेली असते म्हणून ते पडल्या जागी थांबतात. ही झाली कच्ची गादी, जी फुंकर मारली तर उडेल. तिला लगेच कॅलेंडरच्या दोन तापलेल्या रुळांतून काढतात: एक गुळगुळीत, दुसऱ्यावर उठावाचे बारीक ठिपके. पॉलीप्रॉपिलीन 160 ते 165 अंशांना वितळतं, रूळ त्याच्या थोडे खाली ठेवतात. जिथे ठिपका दाबतो तिथे तंतू एकमेकांत वितळून डाग पडतो, बाकीचं कापड मोकळं राहतं. जोडलेला भाग एकूण क्षेत्राच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतका. क्रॉप कव्हरचा तुकडा उजेडासमोर धरला की हे ठिपके ओळीने बसलेले दिसतात आणि त्यांच्यामधून वाटेल तशी गेलेली तंतूंची रेघोटी. रूळ गार राहिले तर कापडाला लव सुटते आणि ते वेलीच्या तणाव्यात अडकतं. फार तापले तर ठिपक्याच्या कडेने फाटतं. चांगला ऑपरेटर हे बोटांनी ओळखतो, प्रयोगशाळेचा अहवाल नंतर येतो.

वेगाचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. इचलकरंजीच्या साध्या यंत्रमागावर मिनिटाला 120 धोटे आणि इंचाला 48 आडवे धागे धरले, तर तासाला चार मीटरसुद्धा कापड उतरत नाही. स्पनबाँडची लाइन मिनिटाला शंभर मीटरच्या वर सहज जाते. सूतगिरणी, वार्पिंग, सायझिंग, माग हे सगळे टप्पे इथे एका छपराखाली एका दमात उरकतात. म्हणूनच हे कापड इतकं स्वस्त पडतं की ते एका हंगामासाठी घेणं शेतकऱ्याला परवडतं. किती माणसांचं काम यात नाहीसं झालं हा प्रश्न बाबू गेनूंच्या गिरणगावाला विचारण्याजोगा आहे, पण तो दुसऱ्या पुस्तकाचा विषय.

कृषी सेवा केंद्रात या कापडाची ओळख जीएसएमने होते, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम. पिकावरच्या कव्हरसाठी 17 ते 25 हा नेहमीचा पट्टा. 17 ग्रॅम म्हणजे किती? दोन डेनिअर जाडीचा तंतू धरला तर एका ग्रॅममध्ये साडेचार किलोमीटर लांबी बसते, म्हणजे एका चौरस मीटर कापडात पंचाहत्तर किलोमीटरहून जास्त तंतू. मंचरपासून पुण्याला पोचून वर शिल्लक राहील इतका. एकरात सहा फुटांवर बेड आणि दीड-पावणेदोन मीटर रुंदीचं कव्हर धरलं, तर साठ किलोच्या आसपास पॉलीप्रॉपिलीन रानात येतं. या साठ किलोंतला प्रत्येक किलो शेतकऱ्याच्या खिशातून जातो, म्हणून 17 च्या नावाखाली 14 विकण्याचा मोह होतो. तपासायला महागडं यंत्र लागत नाही. रोलच्या रुंदीत वेगवेगळ्या ठिकाणांहून दहा सेंटिमीटरचे दहा चौकोन कापायचे आणि सोनाराच्या काट्यावर टाकायचे. दहा मिळून 1.7 ग्रॅम भरले पाहिजेत. एकेक वेगळा तोलला तर आणखी काही कळतं: वजनं एकमेकांपासून फार दूर असतील, तर कारखान्यात तंतू समान पडत नव्हते. ज्या जागी कापड विरळ तिथून वारा त्याला आधी फाडतो आणि मग कीड वाट काढते.

कीड हाच आपल्याकडचा मुद्दा. 2020 च्या उन्हाळ्यात नारायणगाव पट्ट्यातल्या टोमॅटोवर जे आलं त्याला लोकांनी आणि वर्तमानपत्रांनी तिरंगा व्हायरस म्हटलं. फळं एकसारखी पिकेनात, लाल-पिवळे पट्टे पडले. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत नमुन्यांत कुकुंबर मोझॅक विषाणू आढळला. तो मावा किडीबरोबर पसरतो, पर्णगुच्छाचा विषाणू पांढऱ्या माशीबरोबर, शेंडेमरीचा फुलकिड्यांबरोबर. विषाणूवर फवारणी नाही, त्याच्या वाहकावरच आहे. ती फवारणीही कीड पानावर बसून गेल्यावर होते, तोवर विषाणू आत गेलेला असतो. कापड हा एकच उपाय आधी काम करतो. पांढरी माशी जेमतेम मिलिमीटरभर लांब, फुलकिडा तिच्यापेक्षा सडपातळ. समान पडलेल्या तंतूंमधल्या फटी त्यांच्या अंगापेक्षा अरुंद असतात. पण कडेची माती एका जागी जरी उकरली गेली, तरी आत शिरलेल्या माव्याला बाहेरचा कुठलाच शत्रू पोचत नाही आणि बोगदा त्याची नर्सरी होतो. कापडाची गुणवत्ता आणि ते दाबणाऱ्या हाताची गुणवत्ता वेगळी काढता येत नाही. शहरातल्या प्रयोगशाळेत बसून लिहिलेल्या लेखांतून ही गोष्ट नेमकी निसटते.

आता मुदतीकडे येऊ. पॉलीप्रॉपिलीन मातीत पुरलं तर कित्येक दशकं तसंच राहतं, पण उन्हात ते फार लवकर हार मानतं. त्याच्या साखळीत ठरावीक अंतराने असा एक कार्बन असतो ज्याच्यावरचा हायड्रोजन सैल असतो. अतिनील किरणांच्या धक्क्याने तो सुटतो, ऑक्सिजन शिरतो आणि साखळी तुटत जाते. तंतू जितका बारीक तितका त्याचा पृष्ठभाग जास्त आणि तुटण्याचा वेगही. म्हणून मास्टरबॅचमध्ये अमाइन जातीचे प्रकाशरोधक घालतात. ते सुटलेल्या कणांना पकडतात आणि पुन्हा कामाला तयार होतात. किती टक्के घालायचे यावर कापड एक हंगाम चालणार की तीन, हे ठरतं. उन्हासाठी केलेलं आणि न केलेलं कापड दुकानात शेजारी ठेवलं तर डोळ्यांना फरक कळत नाही. पिशव्यांसाठी बनलेला रोल क्रॉप कव्हर म्हणून खपवला जातो तो यामुळेच. मार्चच्या उन्हात काही आठवड्यांतच त्याचा चुरा व्हायला लागतो.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे जी कारखानदाराला माहीत असते आणि शेतकऱ्याला सहसा कुणी सांगत नाही. हे अमाइन जातीचे रोधक आम्लारीधर्मी असतात; आम्ल भेटलं की त्यांचं काम थांबतं. भुरीसाठी आपण गंधक फवारतो. कापडावर बसलेलं गंधक उन्हा-दमटपणात हळूहळू आम्ल तयार करतं आणि रोधकांना निकामी करतं. दोन हंगामांची हमी असलेलं कव्हर एकाच हंगामात ठिसूळ झालं, तर दोष दुकानदाराचा, कारखान्याचा की फवारणीच्या वेळापत्रकाचा? शेतकरी आणि कंपनी यांच्यातली बरीच भांडणं गंधकाबद्दलच्या एका वाक्याने मिटतील. ते पावतीवर छापलं जात नाही.

मग या मुदतीचं गणित पाहा. पिकाची गरज तीन-चार आठवड्यांची. उन्हातलं आयुष्य, रोधक घालून, एक ते तीन हंगामांचं. मातीत गाडलेल्या तुकड्याचं आयुष्य आपल्या नातवंडांच्या पुढचं. या तीन आकड्यांत मेळ नाही आणि माझ्या मते या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं काम हा मेळ घालण्याचं आहे. मजबुती वाढवणारे प्रबंध ढिगाने निघतात. योग्य वेळी संपणारं कापड कसं करावं, यावर तितकी बुद्धी खर्च झालेली नाही.

कायद्याचीही इथे थोडी गंमत आहे. मार्च 2018 च्या महाराष्ट्राच्या प्लास्टिकबंदीत न विणलेल्या पॉलीप्रॉपिलीनच्या पिशव्याही आल्या आणि अनेकांना त्या दिवशी प्रथम कळलं की आपली कापडी पिशवी प्लास्टिकची होती. केंद्राच्या 2021 च्या नियमांनी अशा पिशव्यांना किमान 60 जीएसएमची अट घातली, जेणेकरून त्या पुन्हा वापरल्या जाव्यात. शेती आणि रोपवाटिकेच्या प्लास्टिकला राज्याच्या बंदीतून सूट मिळाली. म्हणजे बाजारात साठ ग्रॅमच्या खाली जे चालत नाही, ते रानात सतरा ग्रॅमने चालतं. सूट रास्तच होती, पण सूट दिली की प्रश्न मिटला असं धरून चालल्यासारखं झालं. हंगाम संपल्यावर मातीने माखलेलं, वेलींचे तुकडे गुंतलेलं कापड भंगारवाला घेत नाही, कारण धुण्याचा खर्च दाण्याच्या किमतीपेक्षा जास्त. ते बांधावर पडतं नाहीतर पेटवलं जातं.

पर्याय आहेत, आणि काही अगदी घरचे आहेत. सांगोल्याकडचे डाळिंबवाले उन्हाच्या चट्ट्यांपासून फळं वाचवायला जुन्या साड्या झाडांवर टाकतात. साडी विणलेली, जड, पण फुकटात मिळणारी आणि पुन्हा वापरता येणारी. तिच्याकडे हसून पाहण्याऐवजी तिच्याखालचं तापमान मोजायला हवं. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, तिला भाव नाही. काटेरी सुयांनी ठोकून तिची चटई करता येते. ती झाडाच्या बुंध्याशी तण दाबते आणि कुजताना नत्र सोडते. जळगावच्या केळीच्या खांबापासून निघणाऱ्या धाग्याचं आणि काथ्याचंही असंच. या चटया कलमांच्या बुंध्याशी शोभतात, कलिंगडाच्या कव्हरची जागा मात्र त्या घेऊ शकत नाहीत, कारण त्यांतून उजेड जात नाही. कव्हरसाठी खरी आशा पॉलीलॅक्टिक आम्लाची. ते स्पनबाँडवर चालतं, 170 अंशांच्या आसपास वितळतं आणि साखरेपासून बनतं. प्राज इंडस्ट्रीजने 2024 मध्ये जेजुरीला जैवपॉलिमरचं प्रात्यक्षिक केंद्र सुरू केलं. विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने याच दोन तालुक्यांत आहेत. ऊस आणि कव्हर एकाच पाण्यावर, हे चित्र मोहात पाडणारं आहे. मोहात पडण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात: त्याची किंमत, आणि ते रानातल्या मातीत खरंच कुजतं का. कंपोस्टच्या कारखान्यात साठ अंशांवर ते विरघळून जातं. बेडच्या काठावरची माती एवढी तापत नाही.

शिकायला जागा कमी नाहीत. न विणलेल्या कापडाचं राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेत आहे, कृषी वस्त्रांचं मुंबईत वरळीच्या सस्मिरात. 2020 मध्ये केंद्राने 1480 कोटी रुपयांचं राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियान मंजूर केलं. नारायणगावला ग्रामोन्नती मंडळाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. उणीव आहे ती यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या माणसाची. वस्त्र अभियंत्याला कळी कधी धरते ते ठाऊक नसतं आणि कृषी पदवीधराला कॅलेंडरचं तापमान विचारायचं सुचत नाही. युरोपात रूढ झालेले 17 ग्रॅम आपण उचलले, कारण यंत्रं त्या आकड्यावर बसलेली होती. तिथे कापडाखालची वाढीव ऊब हाच फायदा होता. जानेवारीत जुन्नरच्या खोऱ्यात पहाटे गारठा असतो तोवर तो आपल्यालाही मिळतो. मार्चच्या शेवटी तीच दोन-तीन अंशांची ऊब रोपाला भाजते. कीड अडवणारं पण गरम न होणारं कापड लागणार असेल, तर तंतू किती बारीक, ग्रॅम किती, रंग कोणता हे इथल्या रानात ठरवावं लागेल. तो तक्ता अजून कुणी भरलेला नाही.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याचं म्हणूनच मनापासून स्वागत. पुढची प्रकरणं कोणत्याही क्रमाने वाचावीत. शेतकऱ्याने पॉलिमरचं रसायन सुरुवातीला गाळलं तरी अडणार नाही, पण वजन, जोड आणि ऊन यांवरची तीन प्रकरणं दुकानात जाण्याआधी वाचावीत. वस्त्रशास्त्राच्या विद्यार्थ्याने उलट करावं: आधी डिंभ्याच्या कालव्याखालच्या एखाद्या खरबुजाच्या प्लॉटवर कव्हर घालण्यापासून काढण्यापर्यंत थांबावं, काढलेलं कापड गुंडाळायला हात लावावा, त्याचे नमुने रोलच्या कोऱ्या तुकड्याबरोबर नेऊन ताणशक्ती मोजावी आणि मग स्पनबाँडचं प्रकरण उघडावं.